पाइपची तंबाखू आणि ६२ टक्केवाली पुडी: वर्षभर वापरून

पुण्यात एप्रिल-मेमध्ये उघडा डबा टेबलावर राहिला की तंबाखूचा भुगा व्हायला वेळ लागत नाही. भुगा भरभर जळतो, धूर गरम लागतो, जीभ पोळते. म्हणून बोवेडा कंपनीच्या, बरणीतली आर्द्रता ६२ टक्क्यांवर ठेवणाऱ्या पुड्या घेतल्या.

पुडीत मिठाचं पाणी असतं. बाहेरच्या पापुद्र्यातून वाफ ये-जा करते, पाणी गळत नाही. त्यामुळे बरणीतली हवा कोरडी असेल तर पुडी ओल सोडते, पावसाळ्यात जास्तीची शोषून घेते. हायग्रोमीटरवर (हवेतली ओल मोजणारं यंत्र) आकडा बासष्टच्या आसपासच दिसतो. (तो आधी तपासून घ्या: झाकणभर मीठ चिखलासारखं ओलं करून त्याच्यासोबत बंद डब्यात रात्रभर ठेवा, ७५ दाखवायला हवं. स्वस्तातले पुष्कळदा चुकतात.) पुडी कडक झाली, आत खडे लागले की संपली.

तरी निम्म्याहून जास्त काम बरणीचंच. रबरी कडीची घट्ट काचेची बरणी असेल तर नीट ओलीची तंबाखू पुडीशिवायही तशीच राहते. रोज उघडायच्या बरणीतच पुडी ठेवा. सिगारची लाकडी पेटी नकोच. लाकूड ओल पितं आणि वर स्वतःचा वास लावतं.

पार वाळलेल्या तंबाखूसाठी पुडी फार सावकाश आहे. माझी व्हर्जिनिया फ्लेक (दाबून काप केलेली व्हर्जिनिया तंबाखू) कडकडीत झाली होती. ती वाडग्यात मोकळी केली, तोंडावर घट्ट पिळलेलं सुती फडकं ताणून बांधलं, तंबाखूला टेकू दिलं नाही. मधूनमधून हलवून चिमटीत दाबायची: दाबल्यावर एकत्र यावी, सोडल्यावर हळूहळू उलगडावी. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त झाली. संध्याकाळपर्यंत जमलं, गवती गोडवाही बराचसा परतला. कुंभाराकडची साधी पणती भिजवून, पुसून बरणीत ठेवली तरी चालतं. विकतची मातीची चकती वेगळं काही करत नाही. सफरचंदाची साल, बटाट्याचा काप वगैरे सल्ले मात्र सोडून द्या, बुरशी धरते.

ॲरोमॅटिक, म्हणजे वरून सुगंध लावलेल्या तंबाखूवर पुडी वाया घालवू नका. त्यात बहुधा ओल धरून ठेवणारं प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं, हाताला ती ओलीच लागते. आणि वरून लावलेला व्हॅनिलाचा वास उडाला की कुठलीच पुडी तो परत आणत नाही.

६५ वालीही वापरून पाहिली. पाइप गुरगुरायला लागला, दर दोन झुरक्यांनी नळीतली ओल पुसायला पाइप क्लीनर फिरवावा लागला. ६२च घ्या.