वायरलेस माइकचा आवाज फाटतोय? नागपूरच्या बर्डीतलं हे दुकान बघा
फुटाळा तलावावरच्या शूटमध्ये माइकचा आवाज नुसता फाटून राहिला होता, एका ठिकाणी तर सरळ नवा सेट घ्या म्हणाले. बर्डीतल्या या दुकानातल्या दादांनी मात्र माइकला हात न लावता आधी कॅमेराच मागितला, ऑटो गेन (आवाज आपोआप कमीजास्त करणारी सेटिंग) बंद केला, कॅमेऱ्याची लेव्हल पार खाली आणली, कॅमेऱ्याला जोडलेल्या माइकच्या रिसीव्हरचं आउटपुट कमी केलं आणि मला मोठ्यानं बोलायला लावून कॅमेऱ्यातला आवाजाचा मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास बसवला, आवाज एकदम साफ! रेकॉर्डिंगमध्ये एकदा फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही, म्हणून हेडफोन लावूनच शूट करा म्हणाले. आवाज मधेमधे तुटत असेल तर ते प्रकरण वेगळं, २.४ गिगाहर्ट्झवाल्या माइकला गर्दीतलं त्याच फ्रिक्वेन्सीवरचं वायफाय लई त्रास देतं. माणूस खरंच प्रामाणिक आहे. पार्किंगची बोंब, दुपारीच जा.