माशी खाणारं झाड घ्यायचं, तर आधी पाणी बघा

व्हीनस फ्लायट्रॅप, घटपर्णी की दवबिंदू? विदर्भातल्या गावात राहणाऱ्याला मी आधी विचारीन, पाणी कुठलं घालणार? ही झाडं मुळात नापीक, पाणथळ जागची. जमिनीत नत्र नाही म्हणून ती किडे धरतात. काळी माती, शेणखत, बोअरचं जड पाणी, तिन्ही त्यांना मारक. खारपाणपट्ट्यात तर बोअरचं नावच नको. पावसाचं पाणी साठवा: 100 चौरस फूट टिनावर 10 मिलिमीटर पाऊस झाला की साधारण 90 लिटर मिळतं. पहिल्या पावसाचं सोडून द्या. आरओचं चालतं, पण टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं मोजमाप, 50 च्या आत हवा.

फ्लायट्रॅप सगळ्यांना हवा असतो. त्याच्या पानातल्या केसांना वीसेक सेकंदांत दोनदा स्पर्श झाला की पान मिटतं. पण तो अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायना राज्यांतला. त्याला तीन-चार महिने खरी थंडी आणि विश्रांती लागते. आपल्याकडे डिसेंबरातही दुपार तापते आणि मे महिन्यात पारा 45 वर. माझा पहिला फ्लायट्रॅप मे महिन्यातच गेला, फार जीव लावला होता त्याला. तरी आणलाच तर पोरांना काडीनं डिवचू देऊ नका. एक पान मोजक्याच वेळा मिटतं, मग काळं पडतं.

घटपर्णी, जिच्या पानाच्या टोकाच्या घटात किडे पडतात ती, जास्त सोशिक. मेघालयातली मूळ जात संरक्षित आहे, म्हणून नर्सरीतलं संकरित रोपच घ्या. मुळं पाण्यात बुडालेली तिला चालत नाहीत. नारळाच्या सोडणाचे तुकडे धुऊन त्यात लावा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत नवे घट धरत नाहीत. तेव्हा कूलरच्या खोलीत उजेडाच्या खिडकीशी ठेवा, पण झोतात नको. खाऊ घालायची घाई नको, मुंग्या आपणहून पडतात. घरातच असेल तर महिन्यातून एखादा किडा पुरे. मटण, दूध कधीच नाही.

माझी निवड मात्र दवबिंदू, त्यातही ड्रॉसेरा बर्मानी. हा भारतातलाच, रुपयाएवढा, पानांवर चिकट थेंब. धुतलेल्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशात, वाळू मिसळा, कुंडी पावसाच्या पाण्याच्या ताटलीत आणि सकाळच्या उन्हात ठेवा. चिलटं तो स्वतः धरतो. उन्हाळ्यात वाळला तर रडू नका, त्याचं आयुष्यच तेवढं. बी धुळीसारखं बारीक असतं. कागदात जपून ठेवा आणि मृग लागला की ओल्या कोकोपीटवर नुसतं भुरभुरा. वर माती टाकू नका, त्याला उगवायला उजेड लागतो. रानात दिसला तर उपटून आणू नका.