गेमचा सेव्ह हलवून देतो म्हणणाऱ्याने माझा अख्खा आयपॅड नेला

स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेममधलं आमचं शेत माझ्या मुलीने आणि मी आयपॅडवर तीन वर्षं सांभाळलं. सुरू केलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. शेताचं नाव तिनेच टाइप केलं, त्यात एक अक्षर राहून गेलं आणि ते तसंच राहिलं. पुढे वाचता-लिहिता यायला लागल्यावर ते तिला खुपायला लागलं. त्यातच आयपॅडच्या स्क्रीनचा उजवा कोपरा टच घेईनासा झाला. मग ठरवलं की शेत कॉम्प्युटरवर न्यायचं आणि जाता जाता नावही दुरुस्त करायचं. कॉम्प्युटरसाठी गेम वेगळा विकत घ्यावा लागतो, तो घेतला. पण जुना सेव्ह, म्हणजे आपला खेळ साठवलेली फाइल, त्यात आपोआप येत नाही. तो कसा न्यायचा हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून खेळणाऱ्यांच्या एका चॅट ग्रुपवर विचारलं.

दहा मिनिटांत एकाचा खासगी मेसेज आला. बोलणं अगदी अदबीचं. "ताई, काळजी करू नका, अशी कितीतरी शेतं हलवून दिली आहेत." मग त्याने काम किती अवघड आहे ते समजावलं. सेव्ह फाइल ॲपच्या आत बंद असते, ती बाहेर काढायची, हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले कच्चे बाइट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडायची, नाव बदललं की चेकसम (फाइल बदलली आहे का ते ताडणारा आकडा) नव्याने बसवायचा, आणि एक बाइट चुकला तर शेत गेलं. यातला शब्द न् शब्द कुठल्या ना कुठल्या गेमच्या बाबतीत खरा आहे. बरेच गेम सेव्ह फाइलमध्ये चेकसम ठेवतात आणि तो जुळला नाही तर फाइल उघडतच नाहीत. म्हणून तर माझा विश्वास बसला. आमच्या गेमला यातलं काहीच लागू नव्हतं, हे मला नंतर कळलं.

थोडे पैसे आगाऊ घेतल्यावर तो म्हणाला, "आयपॅड कॉम्प्युटरला लावून पूर्ण बॅकअप काढा. एन्क्रिप्टेडच, म्हणजे पासवर्डने कुलूपबंद केलेलाच काढा, नाहीतर गेमचा डेटा येत नाही. तो बॅकअप आणि त्याचा पासवर्ड मला पाठवा."

ही तीन वाक्यं नीट वाचा, कारण सगळी फसवणूक त्यांतच आहे. साध्या, एन्क्रिप्ट न केलेल्या बॅकअपमध्येही ॲप्सचा डेटा असतो. एन्क्रिप्टेड बॅकअपमध्ये त्याशिवाय जे येतं ते म्हणजे साठवलेले पासवर्ड, वायफायच्या सेटिंग्ज, कोणत्या वेबसाइट पाहिल्या त्याची नोंद आणि आरोग्याची माहिती. गेमच्या कामाला यातलं काहीही लागत नाही. त्याला नेमकं तेच हवं होतं.

बॅकअपचा फोल्डर मी उघडून पाहिला होता. आत दोन-दोन अक्षरांचे फोल्डर आणि त्यांत चाळीस-चाळीस अक्षरांच्या नावांच्या हजारो फाइल. कुठेही 'फोटो' नाही, 'मेसेज' नाही, नुसते आकडे आणि अक्षरं. ते बघून मला धीर आला, की यात कोणाला काय सापडणार? प्रत्यक्षात त्याच फोल्डरमधल्या एका डेटाबेसमध्ये कोणती फाइल कशाची आहे याची पूर्ण यादी असते, आणि पासवर्ड हातात असला की बॅकअप उलगडून दाखवणारी तयार सॉफ्टवेअर मिळतात. आमच्या शेताची फाइल जेमतेम काही एमबी. मी रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवून त्याला जवळजवळ चाळीस जीबी पाठवले. काही एमबीच्या फाइलसाठी एवढा डोंगर कशाला, हा प्रश्न मला त्या रात्री पडायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी त्याने कामाचा फोटो पाठवला. हेक्स एडिटरचा काळा पडदा, त्यात 'ई८ ०३' या अक्षरांभोवती लाल गोल. खाली लिहिलं होतं, "हे बघा ताई, तुमच्या शेतातले १००० सोने." हिशेब बरोबर आहे. १००० ही संख्या बऱ्याच गेमच्या फाइलमध्ये बाइट उलट्या क्रमाने ठेवून अशीच लिहिली जाते. पण आमची सेव्ह फाइल होती एक्सएमएल, म्हणजे साधा मजकूर. तिच्यात रक्कम सरळ आकड्यांत लिहिलेली असते, अशी कधीच दिसत नाही. तो फोटो आमच्या फाइलचा असणं शक्यच नव्हतं. पण मी तेव्हा आमची फाइल पाहिलेलीच नव्हती, मग ताडणार कशाशी?

संध्याकाळी "काम झालं" म्हणत फोल्डर आला. मुलीने गेम सुरू केला. शेत उघडलं, नावही बरोबर होतं. ती गोठ्यात गेली आणि थबकली. "आई, चांदी कुठाय?" चांदी ही तिची पहिली गाय. गोठ्यात तीन गाई होत्या, तिघींची नावं परकी. कोंबड्यांचं खुराडं भलत्याच जागी. तळ्याकाठची तिची सफरचंदाची झाडं नव्हती. ते दुसऱ्याच कोणाचं तरी शेत होतं, फक्त नाव आमचं चिकटवलेलं. आमच्या फाइलला त्याने हातही लावला नव्हता.

त्याला विचारलं तर म्हणाला, व्हर्जनचा घोळ आहे. एक एक्सई फाइल पाठवली आणि अँटिव्हायरस बंद करून चालवा म्हणाला. तिथे मात्र मी थांबले. तो प्रोग्राम उघडला नाही, नशीब. रात्री दीडला माझ्या ईमेलमध्ये अनोळखी उपकरणावरून कोणीतरी शिरल्याची सूचना आली. तोवर एका खरेदीच्या खात्याचा ईमेल बदलून झाला होता. ईमेलच्या सेटिंगमध्ये माझी सगळी पत्रं एका अनोळखी पत्त्यावर पुढे पाठवायचा नियमही बसवलेला होता. नुसता पासवर्ड बदलून मी झोपले असते तर तो नियम तसाच चालू राहिला असता. तुमच्या बाबतीत असं झालं तर आधी ईमेल ताब्यात घ्या, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा, हा फॉरवर्डिंगचा नियम शोधा, आणि मगच बाकीच्या खात्यांकडे वळा. ईमेल त्याच्या हातात असेल तर बाकीचे पासवर्ड तो पुन्हा पुन्हा बदलू शकतो.

आता खरं काम कसं झालं ते सांगते. केबलने आयपॅड जोडला. विंडोजवर आयट्यून्समध्ये आयपॅड निवडला की 'फाइल शेअरिंग' दिसतं. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून हीच सोय फाइंडरमध्ये आहे. तिथे ज्या ॲप्सनी परवानगी दिली आहे त्यांची यादी येते, आणि त्यात आमचा गेम होता. त्याखाली एक फोल्डर, एका नावापुढे लांबलचक आकडा असलेला. तो ओढून कॉम्प्युटरवर घेतला, त्याची एक प्रत वेगळी ठेवली आणि दुसरी कॉम्प्युटरवरच्या गेमच्या 'सेव्ह्ज' फोल्डरमध्ये टाकली. नाव बदलायला नोटपॅड पुरलं. आतल्या मुख्य फाइलमध्ये आणि 'सेव्ह गेम इन्फो' या फाइलमध्ये, दोन्हीकडे शेताचं नाव शोधून राहिलेलं अक्षर घातलं. पंचवीस मिनिटं लागली. चांदी गोठ्यात होती.

मूळ प्रत ठेवायला विसरू नका. टॅबलेटवरची आवृत्ती कॉम्प्युटरच्या मागे असेल, तर नव्या आवृत्तीत एकदा सेव्ह केलेलं शेत जुन्या आवृत्तीत उघडत नाही. आणि ज्या गेमचा सेव्ह फाइल शेअरिंगमध्ये दिसत नाही, त्याच्यासाठी स्वतःचा बॅकअप स्वतःच्याच कॉम्प्युटरवर उघडा. कोणाची मदत घ्यायचीच असेल तर त्यातली ती एक फाइल द्या, अख्खा बॅकअप कधीच नको.

सायबर पोलिसांकडे तक्रार दिली आहे. आगाऊ दिलेल्या पैशांचं मला फारसं वाटत नाही. बॅकअपचा पासवर्ड मी बदलला, पण त्याच्याकडे गेलेली प्रत जुन्याच पासवर्डने उघडत राहणार, आणि तिच्यात मुलीचे फोटो आहेत. त्या आयपॅडमध्ये साठवलेल्या पासवर्डांची यादी काढून एकेक बदलते आहे. अजून अकरा बाकी आहेत, आज रात्री बसणार आहे.