मार्खा खोऱ्याचा ट्रेक : तेरा महिन्यांच्या तयारीचा आणि वापराचा अनुभव

गेल्या सप्टेंबरमध्ये मी, माझे पती, धाकटे दीर आणि जाऊ अशा आम्ही चौघांनी लडाखमधील मार्खा खोऱ्याचा ट्रेक मार्गदर्शकासह पूर्ण केला. तयारीला त्याआधीच्या डिसेंबरात सुरुवात झाली होती आणि त्या वेळी घेतलेले बूट, काठ्या व पाठपिशव्या आज जानेवारीतही वापरात आहेत, त्यामुळे हा अभिप्राय परतल्यावरच्या पहिल्या आठवड्यातील उत्साहात लिहिलेला नाही. आम्ही पंचेचाळीस ते पंचावन्न या वयाची नोकरदार माणसे आहोत आणि आमची डोंगरांची ओळख पन्हाळा, जोतिबा आणि विशाळगडापुरती होती. आमच्यासारखीच पार्श्वभूमी असलेल्या कोल्हापूरकरांना उपयोग व्हावा, या हेतूने मी शक्य तितक्या तपशिलाने लिहीत आहे.

आयोजक संस्थेच्या माहितीपत्रकात रोजचे अंतर, जेवणातील पदार्थ, तंबूंचा प्रकार, सोबत आणायच्या कपड्यांची यादी असे सर्व काही होते. कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचे, एवढेच त्यात नव्हते. ते मी स्वतः वहीत मांडले आणि तेव्हा खरा प्रश्न लक्षात आला. दिल्लीहून विमानाने सव्वा तासात लेह, म्हणजे सुमारे ३,५०० मीटर. तेथे दोन रात्री. मग स्क्यू, सुमारे ३,४०० मीटर. मार्खा गाव, सुमारे ३,७०० मीटर. हांकर, जवळजवळ ४,००० मीटर. आणि तेथून एका दिवसात थेट निमालिंगचे पठार, सुमारे ४,७०० मीटर. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विसावा घ्यावा, असा उंचीवरील आजारांबाबतचा सर्वमान्य संकेत आहे. हांकर ते निमालिंग ही एकच उडी तो संकेत मोडत होती आणि संपूर्ण वेळापत्रकात राखीव दिवस एकही नव्हता.

मी संस्थेला दूरध्वनी केला तेव्हा 'आमचे सगळे गट असेच जातात' असे उत्तर मिळाले. हे उत्तर मला आजही खटकते, कारण गटातील दहापैकी आठ जण सुखरूप गेले म्हणून उरलेल्या दोघांचे डोके दुखायचे थांबत नाही. तीन वेळा बोलणे झाल्यावर मार्गदर्शक आणि खेचरे यांचा वाढीव खर्च आम्ही द्यावा या अटीवर तीन बदल मान्य झाले: लेहमध्ये तिसरी रात्र, हांकर आणि निमालिंग यांच्यामध्ये सुमारे ४,२०० मीटरवरील थाचुंगत्से येथे मुक्काम, आणि गरज पडेल तेथे वापरायचा एक राखीव दिवस. श्रीनगरहून कारगिलमार्गे रस्त्याने जाणे शरीराला अधिक मानवले असते, कारण कारगिल साधारण २,७०० मीटरवर आहे आणि तेथील मुक्कामाने लेहची सवय आधीच सुरू होते. परंतु माझ्या शाळेच्या रजेत ते दिवस बसत नव्हते. ज्यांना रजा मिळू शकते, त्यांनी तोच मार्ग घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

उंचीची सवय घरी राहून करता येत नाही, हे आम्हाला आमच्या डॉक्टरांनी प्रथम समजावले. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, पन्हाळा हजार मीटरच्या आत, आणि महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. हवेतील प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे सारखेच, सुमारे २१ टक्के असते. कमी होतो तो हवेचा दाब. लेहमध्ये तो समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो आणि ५,२०० मीटरवर निम्म्यापेक्षा थोडाच जास्त उरतो. आपण इथे कमावतो ते पाय, गुडघे आणि दम. विरळ हवेशी जुळवून घेण्याचे काम शरीर तिथेच करते आणि त्यासाठी त्याला दिवस लागतात.

तरीही पाय कमावणे आवश्यकच होते. आठवड्यातून चार दिवस पहाटे रंकाळ्याभोवती चालणे आणि दर रविवारी पाठीवर सात-आठ किलो वजन घेऊन जोतिबाचा डोंगर, असा क्रम आम्ही आठ महिने पाळला. जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड ही वाट चाललो. १६६० च्या आषाढात शिवाजी महाराज आणि बाजीप्रभू ज्या वाटेने रात्री पावसात निघाले, त्या वाटेवर मसाई पठारावरील धुके आणि गुडघाभर चिखल यांतून दोन दिवस चालल्यावर भिजलेल्या बुटांत आपले पाय कसे वागतात, हे कळले. या तयारीतील सर्वांत उपयोगी भाग उतरण्याचा ठरला. कोंगमारू ला या खिंडीच्या पलीकडे त्याच दिवशी सुमारे दीड हजार मीटर उतरायचे असते आणि ज्यांनी केवळ चढण्याचा सराव केला आहे, त्यांचे गुडघे तेथे बोलू लागतात.

बुटांविषयी सविस्तर लिहिते, कारण चौघांपैकी तिघांची पहिली निवड चुकली. आयुष्यभर चपला वापरल्याने आमच्या पायांचे पंजे रुंद पसरलेले आहेत. दुकानात पातळ मोज्यांवर नेमके बसलेले बूट जोतिबा उतरताना अंगठ्यावर दाबू लागले आणि माझे एक नख महिनाभर काळे राहिले. मग बूट बदलून पुढचा भाग रुंद असलेले, नेहमीच्या मापापेक्षा अर्ध्या मापाने मोठे आणि घोट्यापर्यंत उंच असे घेतले, तेही संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना आणि जाड लोकरी मोजे घालून. ट्रेकमध्ये मला एकही फोड आला नाही. आता तेरा महिन्यांनंतर डाव्या बुटाचा तळ पुढच्या टोकाशी सुटू लागला आहे आणि पावसाळ्यानंतर आतील जलरोधक अस्तर पूर्वीसारखे काम करत नाही, परंतु घोट्याचा आधार कायम आहे. मार्खा नदी काही ठिकाणी पायी ओलांडावी लागते. तेथे बूट भिजवू नयेत म्हणून पट्ट्यांच्या रबरी सँडल आवश्यक आहेत. कोल्हापुरी चपला आम्ही घरीच ठेवल्या, कारण ते कातडे अशा पाण्यात टिकत नाही. दुपारनंतर वितळलेल्या बर्फाचे पाणी वाढते, म्हणून मार्गदर्शक सकाळी लवकर निघण्याचा आग्रह धरत असे आणि त्यामागचे कारण पहिल्याच ओढ्यात पटले.

या ट्रेकची निवड आम्ही गावांसाठी केली होती आणि त्या बाबतीत अपेक्षेपेक्षा अधिक मिळाले. तांब्याच्या भांड्यांच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध असलेले चिलिंग मागे टाकून झंस्कार नदी ओलांडली की खोरे सुरू होते. पूर्वी ही नदी तारेवर लटकणाऱ्या पाळण्यातून ओलांडत असत. आता पूल आहे आणि रस्ताही खोऱ्यात शिरला आहे. त्यामुळे पहिल्या दिवशीच्या वाटेवर वाहने दिसतात. ज्यांना पूर्ण एकांत हवा आहे त्यांची तेथे थोडी निराशा होईल, पण आजारी माणसाला लेहला नेण्यासाठी तोच रस्ता उपयोगी पडतो, हेही लक्षात घ्यावे.

स्क्यू, मार्खा आणि हांकर येथे आम्ही गावकऱ्यांच्या घरी राहिलो. हा प्रदेश १९८१ मध्ये स्थापन झालेल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. हिमबिबट्या गावकऱ्यांच्या शेळ्यामेंढ्या मारतो आणि त्याच्याविषयी रोष निर्माण होतो. तो हिमबिबट्या जिवंत राहण्यातच गावाचे उत्पन्न असावे, या विचाराने येथे होमस्टेची पद्धत रुजवली गेली. घरातील मुख्य खोली म्हणजे स्वयंपाकघर, मध्ये नक्षीदार लोखंडी चूल आणि भिंतीवरच्या फळ्यांवर मांडलेली पितळी-तांब्याची चकचकीत भांडी. ती पाहून जाऊबाईंना आपल्या आजीच्या घरातील मांडणीची आठवण झाली. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जवाची कापणी चालू होती. मार्खा गावातील घरमालकीण, जिला मार्गदर्शक 'आमा-ले' म्हणत असे आणि म्हणून आम्हीही तसेच म्हणू लागलो, दिवसभर शेतात राबून संध्याकाळी आमच्यासाठी स्क्यू नावाचाच एक पदार्थ करत असे. अंगठ्याने दाबून केलेले कणकेचे तुकडे आणि भाज्या यांचा हा दाट रस्सा म्हणजे आपल्या वरणफळांचा जवळचा नातेवाईक आहे. आम्ही नेलेली शेंगदाण्याची चटणी आणि गूळ तिला आवडला आणि निघताना उरलेली ढेप आम्ही तिच्याकडेच ठेवली.

कोरड्या संडासाबद्दल अनेक जण आधीच धास्तावतात, म्हणून स्पष्ट सांगते. वरच्या मजल्यावरील जमिनीत चौकोनी छिद्र असते, वापरानंतर फावड्याने माती टाकायची असते आणि वर्षभरात तयार झालेले खत शेतात जाते. पाण्याची टंचाई असलेल्या प्रदेशातील ही विचारपूर्वक केलेली व्यवस्था आहे आणि तिला वास फारसा नसतो. त्यात ओले टिश्यू किंवा प्लास्टिक टाकू नये. तो कचरा आम्ही एका वेगळ्या पिशवीत लेहपर्यंत परत आणला. मणी-भिंत, म्हणजे बौद्ध मंत्र कोरलेल्या दगडांची रचलेली भिंत, लागली की ती आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जावे, एवढे सोपे पथ्यही गावकऱ्यांना समाधान देते.

राखीव दिवस कामी आला तो थाचुंगत्से येथे. आमच्यात सर्वांत तंदुरुस्त असलेले भाऊजी, जे जोतिबाला आम्हा सर्वांच्या आधी वर पोहोचत, तेच त्या संध्याकाळी जेवले नाहीत. 'काही नाही हो वहिनी, जरा डोकं जड झालंय,' एवढेच त्यांनी सांगितले. डोकेदुखी, अन्नावरची वासना जाणे आणि असाधारण थकवा ही विरळ हवेच्या आजाराची पहिली लक्षणे आहेत आणि ती लपवणे हा त्यातील सर्वांत मोठा धोका आहे, हे मार्गदर्शकाने त्यांना शेजारी बसून शांतपणे समजावले. लक्षणे असताना वर चढायचे नाही आणि ती वाढली तर रात्र असली तरी खाली उतरायचे, हा त्याचा नियम होता. त्याने तासातासाने त्यांची विचारपूस केली, पाणी आणि लसणाचे सूप दिले, आणि सरळ रेषेत चालायला लावून तोल तपासला, कारण तोल जाणे हे मेंदूवर सूज येत असल्याचे लक्षण असू शकते. दुसरा दिवस आम्ही तेथेच काढला. संध्याकाळपर्यंत डोकेदुखी उतरली, भाऊजी पोटभर जेवले आणि तिसऱ्या दिवशी सावकाश निमालिंगला पोहोचलो. मूळ वेळापत्रकात हा दिवस नव्हता. तसेच गेलो असतो तर एक तर भाऊजींना त्या अवस्थेत वर न्यावे लागले असते, किंवा चौघांनाही परत फिरावे लागले असते.

रक्तातील प्राणवायूची टक्केवारी दाखवणारे, बोटात अडकवायचे ऑक्सिमीटर आम्ही नेले होते, पण त्याच्या आकड्यांवर फार विसंबू नये. थंड बोटावर ते चुकीचे, घाबरवणारे आकडे दाखवते. हात चोळून गरम केल्यावर निमालिंगला माझा आकडा ८२ आला आणि मी पूर्णपणे ठीक होते. भाऊजींचा आजारी असतानाचा आकडा माझ्यापेक्षा चांगला होता. उंचीचा आजार टाळण्यासाठी ॲसिटाझोलामाइडच्या १२५ मिलिग्रॅमच्या गोळ्या आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने दिवसातून दोनदा घेतल्या. बोटांना मुंग्या येणे आणि वारंवार लघवीला जावे लागणे हे त्याचे परिणाम चौघांनाही जाणवले. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी हे आधी डॉक्टरांना सांगणे अत्यावश्यक आहे.

खिंडीच्या दिवशी पहाटे पाचला निघालो. कोंगमारू ला ५,२०० मीटरहून थोडी उंच आहे आणि शेवटच्या चढावर आम्ही दहा पावले चालून थांबत होतो. मागे ६,४०० मीटरचे कांग यात्से शिखर सकाळच्या उन्हात पूर्ण दिसत होते. मार्गदर्शकाने वर वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू दिले नाही, आणि ते योग्यच होते. उतरणीवर दोन काठ्यांनी गुडघ्यांवरचा भार खरोखर हलका केला. साऱ्या सामानात बुटांनंतर मी त्यांनाच मान देईन. झोपण्याच्या पिशवीत घालायचे कापसाचे अस्तर होमस्टेमध्ये रोज उपयोगी पडले. पॉवर बँक मात्र निमालिंगच्या थंडीत एका रात्रीत निम्मी उतरली, तेव्हापासून ती अंथरुणात घेऊन झोपावे लागले. बाहेरचे प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागते, आणि खोऱ्यात बहुतेक ठिकाणी तेही निरुपयोगी ठरते. परदेशातून मागवलेले उपग्रह-संदेशयंत्र भारतात परवान्याशिवाय वापरता येत नाही, म्हणून मार्गदर्शकाकडे संपर्काची काय सोय आहे हे आधी विचारून घ्यावे. विम्याच्या कागदात उंचीची मर्यादा असते. आमच्या पहिल्या पॉलिसीत ती ४,००० मीटर निघाली आणि ती बदलून घ्यावी लागली.

लेहहून विमाने प्रामुख्याने सकाळी उडतात आणि हवामान बिघडले की रद्द होतात. आमचे विमान एक दिवस उशिरा निघाले. दिल्लीहून कोल्हापूरकडे येणारी गाडी आम्ही मुद्दाम दोन दिवसांनंतरची ठेवली होती, म्हणून तिकिटे वाया गेली नाहीत. त्याच आयोजकांबरोबर पुन्हा जाणार का, असे अनेकांनी विचारले. मार्गदर्शक तोच असेल तर मी उद्या जाईन. संस्थेला मात्र पैसे भरण्यापूर्वी प्रत्येक रात्रीची झोपण्याची उंची लिहून मागेन. यंदा उन्हाळ्यात लडाखमधीलच रुंबाक गावाला जाण्याचा विचार आहे, त्याची वही सुरू झाली आहे आणि डाव्या बुटाचा तळ शिवून घ्यायला तो कालच चर्मकारांकडे दिला आहे.