नऊ महिने, दोन जिने: अमळनेरच्या चौदा फुटी घरातला अनुभव

आमचं घर १४ फूट रुंद आणि ३० फूट लांब. जुनं धाब्याचं घर पाडून त्याच जागेवर बांधलं. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर पुढच्या बाजूला एक खोली, मागे गच्ची. धाबं होतं तेव्हा वर जायला भिंतीला टेकवलेली निसनी असायची आणि सासूबाईंचं सगळं आयुष्य त्या निसनीवरून पापड-कुरडया चढवण्यात गेलं. नवीन घरात त्यांना धड जिना मिळावा, एवढीच माझी इच्छा होती.

जमिनीपासून वरच्या फरशीपर्यंत बरोबर १० फूट, म्हणजे १२० इंच. साडेसात इंच उंचीच्या पायऱ्या धरल्या तर १६ चढ येतात; शेवटचा चढ थेट वरच्या फरशीवर नेतो, म्हणून पायऱ्या १५. दहा इंच पाऊलजागेच्या १५ पायऱ्या सरळ रेषेत मांडल्या तर साडेबारा फूट लांबी लागते. राष्ट्रीय इमारत संहितेतही घराच्या जिन्याची पायरी जास्तीत जास्त १९० मिलिमीटर उंच आणि पाऊलजागा किमान २५० मिलिमीटर सांगितली आहे, म्हणजे हिशेब तोच. तसा जिना आत घेतला असता तर स्वयंपाकघराची एक अख्खी भिंत गेली असती.

म्हणून दोन जिने केले. आत, वरच्या खोलीत जायला डाव्या-उजव्याचा जिना. मागच्या अंगणातून गच्चीवर जायला लोखंडी गोल जिना. फेब्रुवारीअखेर दोन्ही बसले. आज नऊ महिन्यांनी लिहितेय, कारण उन्हाळा, पावसाळा, आखाजी (अक्षय तृतीया) आणि आमच्या खानदेशातला कानबाईचा सण हे सगळं त्यांच्यावरून जाऊन आलं.

आधी आतला जिना. यात प्रत्येक पायरी अर्धीच असते: एक डाव्या पायाची, पुढची उजव्या पायाची. साधा जिना इतका उभा केला तर चढताना पायरीवर फक्त बोटं टेकतात आणि उतरताना फक्त टाच. इथे शेजारची अर्धी बाजू कापलेली असल्याने प्रत्येक पायाला दहा इंच जागा मिळते, पण जिना पुढे सरकतो पाचच इंच. आमच्याकडे आठ इंचांचे १५ चढ आणि १४ पायऱ्या आहेत. लांबी ७० इंच, रुंदी दोन फूट. बारा चौरस फुटांपेक्षाही कमी जागेत जिना बसला. निसनीवरून जसं भिंतीकडे तोंड करून उतरावं लागतं, तसं इथे लागत नाही. सरळ समोर बघत उतरता येतं.

पायऱ्यांची संख्या ठरवताना मात्र आम्ही थोडक्यात वाचलो. जिना बनवणारे फॅब्रिकेटर १३ पायऱ्या धरून बसले होते. मी खडूने अंगणात पावलं आखून चालून बघितलं. पायऱ्या विषम असल्या तर चढताना पहिला पाय डावा येतो आणि उतरताना उजवा. सम असल्या तर दोन्ही वेळा डावाच. रात्री अर्धवट झोपेत उतरणाऱ्या माणसाला हा फरक फार मोठा आहे. आमच्या मुलांना पहिल्या आठवड्यात एकच वाक्य पाठ करायला लावलं, ‘आधी डावा’. पंधरा दिवसांत पाय आपोआप पडायला लागले.

सासूबाईंनी पहिल्या दिवशी खालून बघूनच विचारलं, “हाऊ जिना से का निसनी?” (हा जिना आहे की शिडी?) त्यांचे गुडघे दुखतात. मी बरोबर होते तरी चार पायऱ्यांवरून त्या परत फिरल्या, आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं. ज्यांच्यासाठी जिना करायचा होता, त्यांनाच तो झेपला नाही. घरात साठी ओलांडलेलं कुणी असेल, किंवा चालायला लागलेलं लेकरू असेल, तर वर जायचा एकमेव मार्ग म्हणून हा जिना अजिबात करू नका. आमच्याकडे मागून दुसरी वाट आहे म्हणून निभावलं.

साडीचाही विचार कुणी करत नाही. कापलेल्या अर्ध्या पायरीचा आतला कोपरा टोकदार होता. मार्चमध्ये माझ्या साडीचा काठ त्यात अडकला आणि मी दोन पायऱ्या घसरले. दोन्ही बाजूंना कठडा होता म्हणून सावरले. दुसऱ्याच दिवशी सगळे कोपरे ग्राइंडरने गोल करून घेतले. कठडा दोन्ही हातांना हवाच, आणि सामान एकाच हातात मावेल इतकंच न्यायचं. पाण्याची कळशी दोन्ही हातांनी धरून इथून वर जात नाही.

आता गोल जिना. व्यास पाच फूट, मध्ये चार इंची पाइप, पायऱ्या चेकर्ड प्लेटच्या, म्हणजे उंचवट्यांची नक्षी असलेल्या लोखंडी पत्र्याच्या. एका फेरीत १२ पायऱ्या बसवल्या की बाहेरच्या कडेला पाऊलजागा साधारण पावणेसोळा इंच येते, पण मधोमध आठ इंचांच्या आसपासच, आणि पाइपजवळ जवळजवळ काहीच नाही. म्हणून चढणारा बाहेरच्या कडेने चालतो. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे फिरावंच लागतं.

एप्रिलमध्ये खरा कस लागला. कुरडया वाळवायला गच्चीवर खाट न्यायची होती. खाट त्या वळणात फिरेचना. शेवटी दोरीने अंगणातून वर ओढली. गाद्यांचंही तसंच, उन्हाळ्यात आम्ही सगळे गच्चीवर झोपतो. आखाजीला नणंद आली तेव्हा रोज रात्री दोघीजणी घडी केलेल्या गाद्या डोक्यावर धरून त्या पाइपभोवती फिरत होतो. त्यात आपलं ऊन. पारा ४५ च्या घरात गेला की दुपारी अनवाणी पाय ठेवताच येत नाही. मुलगी एकदा तळपाय भाजून रडत खाली आली. त्यानंतर प्रत्येक पायरीवर काथ्याच्या चटईचा तुकडा तारेने बांधला, त्याने काम झालं. पावसाळ्याआधी मात्र तो सोडवला, कारण ओला काथ्या पाणी धरून ठेवतो आणि खालचं लोखंड गंजतं. तरीही ऑगस्टमध्ये वेल्डिंगच्या जोडांवर तांबूस डाग दिसलेच. घासून, रेड ऑक्साइड (गंज रोखणारा अस्तराचा रंग) लावून पुन्हा रंग दिला. जोड पूर्ण फिरवून वेल्ड केलाय की नुसते टाके मारलेत, हे रंग लावायच्या आधी बघा. नंतर काही दिसत नाही. आणि किलोवर भाव ठरला असेल तर वजनकाट्याची पावती घ्या.

एवढं असूनही नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईला भाऊबंद जमले, तेव्हा सासूबाई याच गोल जिन्याने, कठडा धरत, पायरीपायरीला थांबत वर आल्या. रोटांची, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याची, परात मी मागून आणली. त्या दिवशी हा जिना केल्याचं समाधान वाटलं.

आतला जिना मी पुन्हा असाच करीन. गोल मात्र नाही. अंगणात साडेआठ-नऊ फुटांचा कोपरा निघत असेल तर काटकोनात वळणारा जिना घ्या, मध्ये चौकोनी टप्पा असलेला. टप्प्यावर माणूस थांबतो, ओझं खाली ठेवता येतं, खाटही फिरते. आमच्याकडे तेवढी जागा धुण्याच्या दगडाने अडवली आहे. पुढच्या आखाजीआधी तो दगड हलवायचं ठरलंय.