दुकानाचं घर करायचंय: क्लास एमए की फुल प्लॅनिंग?

लेस्टरला राहणाऱ्या मावसभावाने एक बंद पडलेलं दुकान बघितलंय, त्याचे फ्लॅट करायचेत, आणि एजंट म्हणतो "परमिशन लागतच नाही". असं नसतं बाबा. इंग्लंडमधे दोन रस्ते आहेत: क्लास एमए, म्हणजे पूर्ण परवानगीऐवजी कौन्सिलकडून (तिथली नगरपालिका) फक्त ठराविक मुद्द्यांवर आधी मंजुरी घ्यायची, आणि फुल प्लॅनिंग, म्हणजे पूर्ण परवानगीचा रीतसर अर्ज.

वेळ म्हणशील तर क्लास एमए बरा. कौन्सिलला 56 दिवस, तेवढ्यात उत्तर आलं नाही तर काम सुरू करता येतं. फुल प्लॅनिंगला छोट्या कामाला कागदावर 8 आठवडे, प्रत्यक्षात लांबतंच. फीसुद्धा क्लास एमएचीच कमी.

पण अटी बघ. जागा दोन वर्षं क्लास ई (व्यापारी वापराचा गट) मधे वापरलेली हवी, म्हणजे दुकान, ऑफिस, कॅफे चालेल, पब किंवा टेकअवे नाही. लिस्टेड इमारत (सरकारी वारसा यादीतली) असेल तर विषयच संपला. मार्च 2024 पासून 1500 चौ.मी.ची मर्यादा आणि तीन महिने रिकामी असण्याची अट गेली, हे मात्र बरं झालं. प्रत्येक राहत्या खोलीत नैसर्गिक उजेड हवा आणि सगळ्यात छोटा फ्लॅटही 37 चौ.मी.च्या खाली नको, लांबट दुकानात मागच्या खोल्या इथेच अडकतात. आणि यात बाहेरचं काम येत नाही, शटर काढून खिडकी बसवायची तर वेगळा अर्ज! बिल्डिंग रेग्युलेशन्स दोन्हीकडे लागतातच.

साधं ऑफिस, भरपूर खिडक्या, घाई असेल तर क्लास एमए. दर्शनी भाग बदलायचा, मागे वाढवायचं किंवा जागा पबची असेल तर सरळ फुल प्लॅनिंग. आर्टिकल 4 (त्या भागात क्लास एमएची सवलत काढून घेणारा आदेश) लागू आहे का ते आधी कौन्सिलच्या साइटवर बघ, मग एजंटला फोन कर.