सांडपाण्याचं सॅम्पल घ्यावं तर ह्या लॅबसारखं!

फौजेत ईएमईच्या (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारी शाखा) वर्कशॉपला होतो. गाड्या धुतलेलं पाणी आधी ऑइल ट्रॅपमध्ये (तेल वर तरंगून वेगळं होतं ती टाकी) सोडायचं, हे तिथंच अंगवळणी पडलं. आता शिरोली एमआयडीसीत ईटीपी (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) बघतोय. आधीच्या लॅबचा पोरगा रिकाम्या प्लॅस्टिक बाटलीत सॅम्पल न्यायचा. तेल चिकटायचं बाटलीला, रिपोर्टात ऑइल-ग्रीस लिटरला 4 मिलिग्रॅम! मर्यादा 10, म्हणजे आम्ही पास.

ह्या लॅबचा माणूस काचेची बाटली घेऊन आला, जागेवरच ॲसिड टाकून पीएच 2 च्या खाली आणला, बाटली बर्फात ठेवली. आकडा आला 17. ट्रॅपचं झाकण उघडलं तर वर चार बोटं काळी साय. काम लई भारी, पण रिपोर्टाला नऊ दिवस? बीओडीला (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते ती टेस्ट) 3 दिवस लागतात, बाकीचे सहा कुठं घालवले भावा?